डास, ताप आणि घरातलं ‘औषध’: नाशिकच्या गल्ल्यांत आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जूनपासून दिवाळीपर्यंत आम्ही काही जणी हातात टॉर्च घेऊन सिडको, इंदिरानगर, सातपूर या भागांत घरोघरी फिरतो. ड्रम, टाक्या, कुंड्या, फ्रिजच्या मागची बाजू बघतो. प्रश्न दरवर्षी बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

आधी एका शब्दाबद्दल. आपण तापाच्या गोळीला औषध म्हणतो, द्राक्षावर फवारतो त्यालाही औषध म्हणतो आणि झुरळांसाठी आणलेली बाटलीही ‘औषधाची’च. एका शब्दात तिन्ही मावल्यामुळे घरात फार गोंधळ होतो. खाली जिथे जिथे फवारायचं ते आहे, तिथे आम्ही ‘विष’ किंवा ‘कीटकनाशक’ असंच लिहिलंय. वाचायला कडू लागेल, पण आहे ते तसं आहे.

आमची सोसायटी एकदम स्वच्छ आहे, गटार उघडं नाही. मग डेंग्यू आला कुठून?

स्वच्छ पाण्यातूनच आला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटाराच्या वाटेला जात नाही. त्याला लागतं साठलेलं, स्थिर, निवळ पाणी. अंगावर पांढरे पट्टे असतात, चावतो दिवसा, त्यातही सकाळी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जास्त. जन्मला त्या जागेपासून फार लांबही उडत नाही, शे-दोनशे मीटर गेला तरी पुष्कळ. म्हणजे तुमच्या घरातल्या रुग्णाला चावलेला डास बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या घरात वाढलेला असतो. हे सांगितलं की लोकांना राग येतो, पण इलाज नाही.

नदीतल्या पाणवेलींमुळे डास झालेत, महापालिकेने त्या आधी काढाव्यात ना?

काढाव्यातच. टाकळी, दसक-पंचककडच्या लोकांना संध्याकाळी दार उघडं ठेवता येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण पाणवेलीत आणि सांडपाण्यात होणारे डास बहुतेक क्युलेक्स जातीचे. ते रात्री छळतात, त्यांच्यापासून हत्तीरोगाचा धोका असतो, डेंग्यूचा नाही. गोदावरीतल्या पाणवेली उद्या सगळ्या निघाल्या तरी तुमच्या गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीतला डेंग्यू आहे तिथेच राहील. मलेरियाचा डास तिसरा, ॲनोफिलिस. शहरात तो विहिरींत आणि टाक्यांत वाढतो आणि रात्री चावतो.

आम्ही तर दर आठवड्याला ड्रम रिकामा करतो. तरी अळ्या निघाल्या. असं कसं?

रिकामा करता, पण घासता का? एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन् महिने तग धरतात. पाणी ओतून दिलं, ड्रम उन्हात पालथा घातला, दोन महिन्यांनी पुन्हा भरला की अंडी फुटतात. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून, घासून वाळवायचा दिवस, आठवड्यातून एकदा.

एका घरात गेल्या वर्षी निळा ड्रम बघितला. वरून पाणी काचेसारखं. टॉर्च मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद काहीच दिसलं नाही. मग काठाला बोटाने टिचकी मारली, तशा शे-दीडशे अळ्या वळवळत एकदम तळाकडे गेल्या आणि मिनिटभराने श्वास घ्यायला एकेक करत वर आल्या. घरच्या मावशी म्हणाल्या, “अगं, हेच पाणी मी पोळ्यांच्या कणकेला घेते.” ड्रमच्या आत हात फिरवला तर पाण्याच्या रेषेवर बुळबुळीत थर होता. तिथेच अंडी होती. नारळाच्या काथ्याने किंवा तारेच्या घासणीने ती रेष खरडून काढायची, मग धुवायचं, मग वाळवायचं. नुसतं विसळून उपयोग नाही.

नक्की कुठे कुठे बघायचं?

ड्रम आणि टाकी सगळे बघतात. निसटतात ते हे: फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, कूलरचा तळ (उन्हाळा संपला की कूलर तसाच पाण्यासकट बाल्कनीत ढकलतात), पक्ष्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, गच्चीवर टाकलेलं टायर, नारळाच्या करवंट्या, ताडपत्रीच्या घडीत साठलेलं पाणी, शौचालयाच्या सेप्टिक टँकचा व्हेंट पाइप. पाइपच्या तोंडाला जाळी बांधा, जुन्या मच्छरदाणीचा तुकडाही चालतो. बांधकामावर लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी. आणि ज्या वर्षी गंगापूर धरणात साठा कमी असतो आणि पाणीकपात लागते, त्या वर्षी घरोघरी ड्रम वाढतात. कपातीच्या वर्षी पाऊस कमी म्हणून डेंग्यूही कमी होईल, असं समजू नका.

अळ्या सापडल्या तर ते पाणी गटारीत ओतू?

नको. गटारीत तुंबलेलं पाणी असलं तर त्यातल्या काही जगूही शकतात. कोरड्या मातीवर, उन्हात ओता. पाण्याबाहेर त्या वाचत नाहीत.

महापालिकेची माणसं टाकीत काहीतरी टाकून जातात. ते पाणी प्यायचं का?

ते टेमिफॉस असतं, अळ्या मारणारं रसायन. कर्मचारी त्याला ‘अबेट’ म्हणतात. लिटरला एक मिलिग्रॅम इतक्या प्रमाणात जागतिक आरोग्य संघटनेने ते पिण्याच्या पाण्यासाठीही मान्य केलेलं आहे. पण प्रमाण महत्त्वाचं, म्हणून ते त्यांनीच टाकावं. “मला थोडं बाटलीत देऊन जा, मी टाकते” असं म्हणू नका. आणि खरं सांगायचं तर टाकी घासून झाकण घट्ट बसवलं तर त्याची गरजच पडत नाही.

गप्पी मासे कुठे सोडायचे?

हे मासे डासांच्या अळ्या खातात. हौद, विहीर, बंद पडलेलं कारंजं, बागेतलं टाकं अशा न उपसता येणाऱ्या पाण्यात सोडा. महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे किंवा गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. नदीत किंवा तळ्यात सोडू नका, तिथल्या माशांवर ते कुरघोडी करतात. आणि ज्या हौदात मासे आहेत त्याच्या आसपास फवारा मारू नका. डासांवर चालणारी बहुतेक घरगुती कीटकनाशकं माशांना अतिशय घातक असतात. घरात काचेची टाकी असेल तर तीही झाका.

धुराची गाडी आमच्या गल्लीत कधी येणार?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर कुणालाच आवडत नाही. धूर फक्त त्या क्षणी हवेत उडणारे डास मारतो. अळ्यांना काही होत नाही. त्यातून एडिस बसलेला असतो घरात, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांच्या गर्दीत, पलंगाखाली. गाडी रस्त्यावरून धुराचा लोट सोडत जाते, पोरं मागे धावतात, नगरसेवकाचा फोटो निघतो आणि आठवड्याने नवे डास तयार. रुग्ण सापडलेल्या घराच्या आजूबाजूला धूर करणं योग्य आहे. नुसता दिलासा म्हणून करण्यात अर्थ नाही.

गाडी आलीच तर खाण्यापिण्याची भांडी झाका. घरात लहान बाळ, दम्याचं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर तेवढा वेळ त्यांना लांब न्या. मग दारं-खिडक्या उघडा, म्हणजे धूर आत जाऊन काही काम करेल. आणि पोरांना गाडीमागे धावू देऊ नका, तो धूर डिझेलमध्ये मिसळलेल्या विषाचा असतो.

आमचे काका दिंडोरीला असतात, द्राक्षबाग आहे. बागेवरचं औषध थोडं पाण्यात घालून घरात मारलं तर? दुकानातल्यापेक्षा जोरदार असतं.

जोरदार असतं म्हणूनच नको. नाशिकमध्ये आम्हाला खरी भीती याच बाटलीची वाटते. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून शहरात येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत द्राक्षांच्या पेटीबरोबर ही अर्धी उरलेली बाटलीही येते. ढेकणांसाठी, झुरळांसाठी, डासांसाठी, कधी तर पोरीच्या डोक्यातल्या उवांसाठी.

बागेतलं प्रमाण एकराच्या हिशोबाने, उघड्या हवेसाठी ठरलेलं असतं. बागेत ऊन आणि पाऊस त्याचा जोर कमी करतात. घरात ना ऊन ना पाऊस. फरशीवर, गादीवर, भिंतीच्या तळाशी ते आठवड्यानुआठवडे राहतं आणि तिथेच रांगणारं मूल हात टेकवून तोंडात घालतं. या बाटल्यांमध्ये कीटकनाशक ज्यात विरघळवलेलं असतं ते द्रावकही बंद खोलीत त्रास देतं. बऱ्याच शेती कीटकनाशकांचा, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्यांचा, परिणाम थेट नसांवर होतो: घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, उलटी, छातीत घरघर. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. ती माणसं तर उघड्या रानात होती.

डोक्याच्या कातडीतून विष पटकन आत जातं. उवांसाठी मेडिकलमध्ये एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं आणि जोडीला बारीक दातांची फणी. ढेकणांसाठी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी, गाद्या कडक उन्हात, भेगा बुजवणं. वेळ लागतो, पण कुणी दवाखान्यात जात नाही.

छाटणीच्या हंगामात पेठ, सुरगाण्याहून जी कुटुंबं बागेत कामाला येतात, ती कित्येकदा ज्या शेडमध्ये कीटकनाशकं ठेवलेली असतात तिथेच झोपतात. बागाईतदार हे वाचत असतील तर एवढं करा: त्या खोलीला कुलूप लावा आणि माणसांसाठी वेगळी खोली द्या.

‘नुवान’ मिळेल का? पूर्वी एकदम गुण यायचा.

‘नुवान’ म्हणजे डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कुणी काउंटरखालून काढून देत असेल तर घेऊ नका. घरात जुनी बाटली पडली असेल तर वापरून संपवू नका.

दुकानात घेताना बाटलीवर काय बघायचं?

केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, मुदत आणि हिऱ्याच्या आकाराचा चौकोन. त्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांतला कमी वाईट. लाल किंवा पिवळा दिसला तर ती वस्तू घरात आणायची नाही, इतकं साधं आहे.

सुटी कीटकनाशकं तर अजिबात घेऊ नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दिलेलं फिनेल, ॲसिड किंवा फवारणीचं विष हे घरातल्या अपघातांचं नेहमीचं कारण. तहानलेलं पोर बाटलीचा आकार ओळखतं, आतला रंग नाही.

कॉइल, लिक्विड, अगरबत्ती यांत कमी वाईट काय?

बंद खोलीत कॉइल सर्वात वाईट. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. ओट्यावर, अंगणात बसताना लावली तर गोष्ट वेगळी. लिक्विड मशीन त्यापेक्षा बरं, पण उशापासून लांब, एक खिडकी किलकिली ठेवून. झोपण्याआधी तासभर चालू करून मग बंद केलं तरी चालतं, रात्रभर लावायलाच हवं असं नाही. रिफिल मुलांच्या हाताला लागेल अशा खालच्या सॉकेटमध्ये नको. पाकिटावर नोंदणी क्रमांक नसलेली मच्छर अगरबत्ती घेऊच नका. ‘हर्बल’ छापलेलं असलं तरी आत कोणतं रसायन किती आहे ते कळायला मार्ग नसतो.

या सगळ्यांपेक्षा आम्ही मच्छरदाणीच्या बाजूने आहोत. बाळ दुपारी झोपतं तेव्हाही पाळण्यावर लावा, कारण एडिस दिवसा चावतो. लोक रात्री लावतात आणि सकाळी घडी करून ठेवतात.

स्प्रे मारताना काय काळजी?

देवघरातली समई, निरांजन आणि गॅस आधी विझवा. स्प्रेचा फवारा पेट घेतो, आणि संध्याकाळी दिवा लावायची आणि डास मारायची वेळ नेमकी एकच. अन्न, पाणी झाका, सगळ्यांना बाहेर काढा, कोपऱ्यांत मारा, दार पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवा, मग खिडक्या उघडून पंखा लावा. नंतरच मुलं आत.

बाळाला डासांचं क्रीम लावलं तर चालतं?

पाकिटावर वय दिलेलं असतं, ते पाळा. हाताच्या पंजांना लावू नका, ते तोंडात जातात. डोळे, ओठ, जखम टाळा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नकोच, पूर्ण बाह्यांचं झबलं आणि मच्छरदाणी पुरे.

खडू, डांबर गोळ्या, उंदराचं पेस्ट?

झुरळांच्या खडूत विषच असतं आणि तो दिसतो पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. ज्या घरात अजून शाळेत न जाणारं लहान मूल आहे तिथे नको. झुरळांना सिंकखाली, बिजागरीजवळ ठिपके लावायची जेल त्यामानाने बरी.

डांबर गोळ्या बाळाच्या दुपट्यात ठेवण्याची आपल्याकडे फार जुनी सवय. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या वासानेही फुटू शकतात आणि कावीळ होते. बाळंतिणीच्या कपाटात त्या ठेवू नका.

पिवळ्या फॉस्फरसचं उंदरांचं पेस्ट तर धोकेबाज. पोटात गेल्यावर पहिला दिवस माणूस ठणठणीत वाटू शकतो, दोन-तीन दिवसांनी यकृत कोसळतं. नेमका उतारा नाही. पिंजरा किंवा चिकटपट्टी वापरा.

वर्षाच्या गव्हाच्या कोठीत गोळ्या ठेवतो. त्यात काय एवढं?

गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील तर खूप काही. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. कोठी झोपायच्या खोलीत असली तर अख्खं घर धोक्यात येतं. यालाही उतारा नाही. या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायच्या, घरात नाही. गहू दोन-तीन कडक उन्हं दाखवून, पूर्ण गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. आजी हेच करायची आणि तिच्या गव्हात सोंडे कमी निघायचे, निदान आमच्या आजीच्या तरी.

पोटात गेलं, अंगावर सांडलं, तर?

108. त्याच मिनिटाला. मीठपाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढू नका. लिक्विड रिफिल आणि रॉकेल मिसळलेली द्रावणं उलटीबरोबर फुफ्फुसात जातात आणि त्याने जास्त नुकसान होतं. दूध, तूप, लिंबू काही नको. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढा, साबणाने भरपूर पाण्यात धुवा, धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी चढवावी. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. आणि बाटली किंवा पाकीट सोबत न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: काय घेतलं?

ताप आला. लगेच तपासणी करायची की दोन दिवस थांबायचं?

सणसणून ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं असेल तर थांबू नका. डेंग्यूसाठी रक्ताच्या तपासण्या दोन: पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, त्यानंतर आयजीएम एलायझा. मलेरियासाठी रक्तनमुना सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. सिव्हिल, झाकीर हुसेन, बिटको, जे जवळ पडेल तिथे जा.

गोळी पॅरासिटामॉलचीच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो. अंगदुखीसाठी मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेल्या गोळीत काय आहे ते विचारा.

आणि खरी गफलत इथे होते: तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, मूल सुस्त किंवा चिडचिडं होणं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

पपईच्या पानाचा रस? प्लेटलेट पन्नास हजारांपर्यंत उतरल्यात.

रस कडू लागतो आणि बऱ्याच रुग्णांना त्याने उलटी होते, उलटीने पाणी कमी होतं. डेंग्यूत माणूस सांभाळतं ते पाणी: ओआरएस, पेज, नारळपाणी, ताक. नुसत्या आकड्याला घाबरून प्लेटलेट चढवायच्या नसतात. रक्तस्राव नसेल तर डॉक्टर सहसा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत वाट बघतात. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) किती, रक्तदाब किती, हे विचारा.

मला मागच्या वर्षी झाला होता. आता नाही ना होणार?

विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाने झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला कायम पुरत नाही. उलट दुसऱ्या खेपेला आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते.

चिकनगुनिया हल्ली नव्याने आलाय का?

नाही. 1973 मध्ये बार्शीला साथ होती, मग बरीच वर्षं शांतता, आणि 2006 मध्ये तो परत आला तेव्हा आपल्याच जिल्ह्यात मालेगावला मोठी साथ झाली. डास तोच, एडिस. जीव जाण्याची भीती कमी, पण सांधे महिनोन् महिने धरून बसतात. भाकरी थापता येत नाही म्हणून रडणाऱ्या बायका आम्ही पाहिल्यात.

मोबाईलवर डास पळवायचं ॲप आहे, चालतं का?

नाही.

रिकाम्या बाटल्यांचं काय करायचं?

धुऊन पाणी भरायला, तेल ठेवायला वापरू नका. झाकण लावून, कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत घंटागाडीवाल्याला सांगून द्या. उरलेलं विष मोरीत ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं. जाळू तर मुळीच नका.

शेजारचा फ्लॅट वर्षभर बंद आहे. बाल्कनीतल्या कुंड्यांत पाणी साठलेलं दिसतं. आम्ही काय करणार?

आधी मालकाला फोन. बहुतेक जण पुण्यात नाहीतर मुंबईत असतात आणि किल्ली कुणाकडे तरी ठेवलेली असते. सोसायटीच्या सेक्रेटरींमार्फत लेखी पत्र द्या, मग विभागीय कार्यालयात मलेरिया विभागाकडे तक्रार करा. महापालिकेला नोटीस देता येते. एका इमारतीत किल्ली मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लांब काठीला वाटी बांधून रोज सकाळी आपल्या बाल्कनीतून त्या कुंड्या कलंडायचा उद्योग केला. दोन कुंड्या फुटल्या. मालक आल्यावर भांडला, पण पुढच्या वेळी जाताना कुंड्या पालथ्या घालून गेला.